पंडिता रमाबाई : टीकेच्या वादळात उघडे राहिलेले दार

ज्या परोपकाराच्या कामाला चार लोक चांगले म्हणतात, त्याला वर्गणी देणे सोपे असते. परंतु ज्याच्याविषयी वर्तमानपत्रांत वाईट छापून आले, ज्याचे नाव चावडीवर व बाजारात कुत्सितपणे घेतले जाऊ लागले, त्याला दिलेला हात तसाच धरून ठेवणे हे कठीण होय. अशा वेळी देणाऱ्याची परीक्षा होते, आणि घेणाऱ्याची तर त्याहूनही अधिक होते. ह्या परीक्षेत उतरलेल्या एका थोर बाईचे चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

आरंभी समुद्राचा एक दाखला देऊ. सोयगाव तालुक्यापासून समुद्र फार दूर आहे, आणि आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ वाचकांनी तो पाहिलेलाही नसेल. तथापि बुडत्या माणसाला समुद्रातून वाचविण्याचे एक अतिप्राचीन चित्र आपल्याच तालुक्यात आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. फर्दापूरजवळच्या अजिंठ्याच्या लेण्यांत दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिडांचे जहाज रंगविलेले आहे. शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, येथील भाविल नावाचा व्यापारी चंदन आणावयास गेला असता वादळात सापडला व त्याचा भाऊ पूर्ण ह्याने त्याला तारिले, अशी ती बौद्ध कथा आहे. बुडत्याला हात द्यावा हे माणसाला किती जुन्या काळापासून समजलेले आहे, ते ह्यावरून दिसते.

विलायतेत हेच काम करणारी एक प्रसिद्ध संस्था आहे. मॅन बेटावर राहणाऱ्या सर विल्यम हिलरी नावाच्या गृहस्थाने फुटलेली जहाजे व बुडालेली माणसे डोळ्यांनी पाहिली, आणि त्याच्या खटपटीने ४ मार्च १८२४ रोजी लंडन शहरी ती स्थापन झाली. तिच्या होड्यांवर बहुतेक स्वयंसेवक असतात आणि तिचा खर्च मुख्यत्वे लोकांच्या देणग्यांवर चालतो. दोनशे वर्षांत तिने एक लाख चाळीस हजारांहून अधिक जीव वाचविले. असे असता जुलै २०२१ मध्ये ह्याच संस्थेवर पुष्कळ तोंडसुख घेण्यात आले. लहान होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या परदेशी निर्वासितांनाही ती वाचविते, हाच तिचा अपराध. संस्थेने उत्तर एवढेच दिले की, पाण्यात पडलेला मनुष्य कोण व कोठला हे विचारण्याचे आमचे काम नव्हे. आणि काय नवल! लोकांनी हात आखडता घेण्याऐवजी तो अधिक सैल सोडला, आणि एका दिवसात दोन लाख पौंडांहून अधिक देणग्या त्या संस्थेकडे आल्या.

आमच्या महाराष्ट्रात समुद्रातील होडीचे नव्हे, तर संसाराच्या पुरात वाहून जाणाऱ्या विधवांचे व अनाथ मुलींचे एक तारू होते. त्याच्यावरही असेच वादळ आले. त्या तारवाच्या नावाडी पंडिता रमाबाई होत.

बालपण व भटकंती

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे, हल्लीच्या कर्नाटकात, एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असे त्या काळचे शास्त्री म्हणत; परंतु अनंतशास्त्र्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि आईने ते मुलीला शिकविले. अशा रीतीने रमाबाईंस हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे व पुराणे सांगून निर्वाह करी. पुढे १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास लोक उरले नाहीत, दक्षिणा कोण देणार? भांडीकुंडी विकून झाली, रानातील पाला खाण्याची पाळी आली, आणि शेवटी वृद्ध वडिलांच्या मनात जलसमाधी घेण्याचा विचार आला. तो त्यांनी पार पाडला नाही. परंतु उपासाने झिजून ते वारले, थोड्याच काळात आई वारली, आणि मागोमाग वडील बहीणही गेली. उरली ती रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास. उपाशी मरणे म्हणजे काय हे रमाबाईंनी पुस्तकात वाचले नव्हते, ते त्यांनी अंगावर घेतले होते. पुढील आयुष्यात त्यांनी जे केले त्याचे मूळ येथे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दोघे बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी नामक दुसऱ्या जातीच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामच्या बाजूस सिल्चर येथे त्यांचा संसार थाटला गेला. १८८१ मध्ये मनोरमा नावाची कन्या झाली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या रोगाने पती वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वी रमाबाई आईबापांस, भावाबहिणीस व पतीसही अंतरल्या. सिल्चरच्या घरीच बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले होते, ते त्यांनी आवडीने वाचले होते.

पुणे, विलायत व अमेरिका

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति नावाचे पुस्तक लिहिले, आणि शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर साहेबांच्या कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य ह्यांची गरज स्पष्टपणे मांडली. वैद्यकी शिकण्याच्या हेतूने १८८३ मध्ये त्या विलायतेस गेल्या. त्यांस ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो बेत फसला. वाँटेज येथील भगिनीमंडळात त्या राहिल्या. तेथे पतितांच्या सुटकेसाठी चाललेले काम पाहून आणि नेहेम्या गोरे ह्या मराठी ख्रिस्ती पंडितांचे लेख वाचून त्यांचे मन वळले, व २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकल्या व संस्कृत शिकवू लागल्या.

ख्रिस्ती झाल्यावरही बाई कोणाच्या मुठीत गेल्या नाहीत. ज्या भगिनींनी त्यांस आश्रय दिला त्यांच्याशीही मताच्या गोष्टींत त्यांनी सरळ वाद घातला. आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी ब्राह्मणांच्या हाती ठेवली नव्हती, ती पाद्र्यांच्याही हाती दिली नाही. हा त्यांचा स्वभाव पुढील प्रकरण समजण्यास उपयोगी पडतो.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी ह्यांस फिलाडेल्फिया येथे डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि तेथेच राहून त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. बालविधवेचे दुःख ऐकून तेथील लोकांची मने द्रवली, आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन नावाची मंडळी स्थापन झाली. हिंदुस्थानात उच्चवर्णीय विधवांसाठी एक गृह काढावे आणि त्याचा खर्च दहा वर्षे द्यावा, असे तिने ठरविले. ह्या मंडळीत अनेक पंथांचे लोक होते. म्हणून गृहात कोणत्याही धर्माचा उपदेश व्हावयाचा नाही, मुलींनी आपापला आचार पाळावा, असा नियम झाला. रमाबाईंनी तो मान्य केला.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आरंभी मुली अगदी थोड्या होत्या. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ह्या पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून प्रसिद्ध झाल्या. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८९० मध्ये, सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांसारखे थोर हिंदू गृहस्थ त्याच्या सल्लागार मंडळात होते. सदनाचे ग्रंथालय सर्वांस मोकळे होते. त्यात हिंदू धर्माचे ग्रंथ होते व बायबलही होते. केशवपन झालेल्या, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहिलेल्या मुली येथे वाचू लागल्या, बागेत खेळू लागल्या, शिक्षिका होण्याची स्वप्ने पाहू लागल्या.

पहिली ठिणगी मात्र विरोधकांनी टाकली नाही, हे आमच्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. ती आपल्यासारख्याच एका ख्रिस्ती वर्तमानपत्राने टाकली. १८८९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने मोठ्या हौसेने छापले की, सदनातील मुलींपैकी काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे होत आहे. लिहिणाऱ्यास वाटले असेल की, ह्या बातमीने देणगीदार संतोष पावतील. परंतु कागदाला पाय असतात. तो अंक समुद्र ओलांडून पुण्यास आला, आणि बाळ गंगाधर टिळक ह्यांच्या केसरी पत्राने ती गोष्ट हाती घेतली. जे गृह निःपक्षपाती म्हणून उघडले ते वस्तुतः धर्मांतराचे जाळे आहे काय, असा प्रश्न लोकांपुढे आला.

हा प्रश्न अगदीच निराधार होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. आईबाप व पालक ह्यांनी नियमावर विश्वास ठेवून मुली पाठविल्या होत्या, आणि नियम पाळला जातो की नाही हे विचारण्याचा त्यांस हक्क होता. दुसऱ्या बाजूने बाईंचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. त्या मुलींस उपदेश करीत नसत. त्या आपल्या खोलीत मनोरमेसह सकाळी प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार लावीत नसत. घरातील मुली जशा इतर वेळी आईजवळ याव्या तशा त्या खोलीत येत, तशाच काही जणी प्रार्थनेच्या वेळीही येऊन बसू लागल्या. येणाऱ्या मुलीला हाकलून देणे किंवा स्वतःच्या घरात लपून प्रार्थना करणे ह्या दोन्ही गोष्टी बाईंस मान्य नव्हत्या. हिंदू मुलीला तिच्या पूजेची मोकळीक आहे, तर मला माझ्या प्रार्थनेची का नसावी, असा त्यांचा विचार होता.

१८९३ चे वादळ

१८९३ मध्ये हे प्रकरण शिगेस पोहोचले. वर्तमानपत्रांतून लेखावर लेख येऊ लागले. पालकांच्या घरी नातेवाईक जाऊन बसू लागले. मुलगी सदनात ठेवणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे असे बोलले जाऊ लागले. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात रानडे, भांडारकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. हे गृहस्थ स्त्रीशिक्षणाचे शत्रू नव्हते. त्यांनी आयुष्यभर त्यासाठी श्रम केले. पालकांच्या विश्वासाला आपण जामीन राहिलो आहो, आणि तो विश्वास आता आपल्याला राखता येत नाही, असे त्यांस वाटले. वीसपंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. ज्या मुलींनी नुकतीच पाटी हाती घेतली होती त्या पुन्हा जुन्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. वादाची झळ पत्रकर्त्यांस लागली नाही, रमाबाईंसही तितकी लागली नाही. ती ह्या मुलींस लागली. मोठ्या माणसांच्या भांडणात असेच नेहमी होते.

ह्या वेळी बाईंपुढे तीन वाटा होत्या. प्रार्थनेचे दार लावून घ्यावे व हिंदू समाजाचा आश्रय राखावा, ही एक. नियम झुगारून उघडपणे धर्मोपदेशाची शाळा करावी, ही दुसरी. आणि जे करतो ते उघड करावे, कोणावर बळजबरी करू नये, कोणाला मोहात पाडू नये, पण कोणाला दारातून परतही लावू नये, ही तिसरी. त्यांनी तिसरी वाट धरली. तिच्यात दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. हिंदू पत्रे म्हणत की, ही बाई मुलींस बाटविते. आणि कित्येक ख्रिस्ती लोक म्हणत की, ही बाई ख्रिस्ती असून आपल्या शाळेत ख्रिस्ताचे नाव शिकवीत नाही. असा दुहेरी मार खात त्यांनी सदन चालविले.

आता द्रव्याचे काय झाले ते पाहू. पुण्यातील आश्रय सुटला, तरी बोस्टनच्या मंडळीने हात काढून घेतला नाही. तिने दहा वर्षांचा शब्द दिला होता आणि तो पाळला. त्या मंडळीचा वार्षिक अहवाल छापून निघे, कार्य व हिशेब लोकांपुढे ठेवले जात, आणि वर्गणी देणाऱ्यास आपला पैसा कोठे गेला हे कळे. वर्तमानपत्रातील एका लेखाने जो विश्वास मोडतो तो मुळात हिशेबावर उभा नसतो. जो हिशेबावर व दीर्घ ओळखीवर उभा असतो, तो वाऱ्याने हलतो, पण पडत नाही.

ह्या वादळातून आणखी एक फळ निघाले, त्याचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. मार्च १८९३ मध्ये सदनाच्या गोदूबाईंशी कर्व्यांनी पुनर्विवाह केला होता. ह्याच कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यास हिंदू विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, आणि हिंदू समाजातील दात्यांनी हळूहळू त्याला हात दिला. पुढे ह्या कामातूनच स्त्रियांचे विद्यापीठ उदयास आले. ज्यांस रमाबाईंच्या सदनाला साहाय्य देणे पटले नाही, त्यांस देण्यासाठी दुसरे दार उघडले. विधवेला शिकवावे की नाही हा प्रश्न मागे पडून तिला कोणी शिकवावे हा प्रश्न उरला, हा केवढा पालट! बुडणाऱ्यासाठी एका होडीच्या दोन होड्या झाल्या, तर नावाड्याने दुःख का मानावे?

केडगाव व मुक्ती

बोस्टनच्या दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, ही चिंता बाईंस होती. म्हणून त्यांनी पुण्याहून पूर्वेस आगगाडीच्या रस्त्यावर केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडे लाविली. कारण बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे असा त्यांचा बेत होता. १८९५ च्या सुमारास सदनातील काही मुलींनी आपल्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुण्यात पुन्हा ओरड झाली. परंतु लवकरच देशावर असे संकट आले की, त्यापुढे सर्व वाद फिके पडले.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासाचे नाव ऐकताच बाईंस आपले आईबाप आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि रस्त्यांवर, झाडांखाली, दुष्काळी कामांवर हाडांचे सापळे होऊन पडलेल्या मुली व स्त्रिया त्यांनी गोळा केल्या. अशा मुलींवर वाईट चालीच्या लोकांचा डोळा असे, म्हणून घाई करणे भाग होते. त्यांनी सुमारे तीनशे जणींस आणिले. त्यांच्यात कोणत्या जातीची कोण हे विचारावयास सवड नव्हती, व विचारण्याचे कारणही नव्हते. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. दुष्काळाने ती भिंत पाडून टाकली.

इतक्यात पुण्यास प्लेग आला. नव्या मुलींस शहरात ठेवण्याची सोय राहिली नाही, म्हणून त्यांस केडगावच्या उघड्या माळावर नेऊन झोपड्या बांधण्यात आल्या. तेच मुक्ती सदन होय. प्लेगच्या इस्पितळात व छावणीत स्त्रियांची जी हेळसांड होई, तिच्याविषयी बाईंनी १८९७ मध्ये मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला खडसाविले. सरकारने तक्रार नाकारली. पण आपल्या आश्रयास आलेल्या मुलींसाठी त्या गव्हर्नरासही भ्याल्या नाहीत. ज्या बाईला वर्तमानपत्रांनी इतके छळले, तिने वर्तमानपत्राचा द्वेष केला नाही. दुर्बलाची दाद मागण्यासाठी तेच साधन तिने निर्भयपणे हाती घेतले.

१८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या; जुन्या मंडळीची पुनर्रचना होऊन साहाय्य पुढे चालू राहिले. १८९९ व १९०० ह्या वर्षी तो भयंकर दुष्काळ आला, ज्याला जुनी माणसे छप्पन्याचा दुष्काळ म्हणत. गुजराथेत व राजपुतान्यात तो फार तीव्र होता, आणि त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या औरंगाबाद जिल्ह्यासही त्याची झळ लागली. रमाबाईंच्या लोकांनी गुजराथेतून शेकडो मुली आणिल्या, आणि मुक्तीतील कुटुंब जवळजवळ दोन हजारांवर गेले. एवढ्यांस रोज दोन वेळ जेवू घालणे हेच एक महत्कार्य होते. परंतु बाईंनी त्यांस नुसते जेवू घातले नाही. विणकाम, शेतकाम, दुग्धालय, तेलाचा घाणा, छापखाना असे नाना उद्योग तेथे चालले. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींस बोटांनी वाचावयाची लिपी मनोरमाबाईंनी शिकविली.

साहाय्य कोठून येई? अमेरिकेतून, विलायतेतून, ऑस्ट्रेलियातून. थोडे मोठ्या लोकांकडून, पुष्कळ लहान लोकांकडून. बाई कर्जाला भीत, आणि आलेल्या देणगीचा हिशेब चोख ठेवीत. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी जागृती झाली. त्या वेळीही बाहेरची काही मंडळी, त्यांत ख्रिस्ती लोकही होते, हसली. बाईंनी कोणाशी वाद घातला नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला ते समजावे हाच हेतू. आणि त्याचे खिळे जुळविणे व छपाई मुक्तीतील स्त्रियांनीच केली. १९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. जुलै १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा वारली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम पुरे करून रमाबाईंनी देह ठेविला. केडगावचे मुक्ती मिशन आजही अनाथ व निराधारांस आश्रय देत आहे. १९८९ मध्ये भारत सरकारने बाईंच्या नावाचे टपाल तिकीट काढिले. ज्या बाईविषयी एका काळी इतके कठोर लिहिले गेले, तिचे नाव आज सर्व धर्मांचे लोक आदराने घेतात.

आम्ही काय घ्यावे

ह्या चरित्रात आमच्या मंडळ्यांस, आणि विशेषतः खेड्यांत काम करणाऱ्या उपदेशक बंधूंस, घेण्यासारखे पुष्कळ आहे. चार गोष्टी आम्ही सांगतो.

पहिली ही की, चांगल्या कामाला शत्रूपेक्षा बढाईखोर मित्र अधिक धोक्याचा असतो. न्यूयॉर्कच्या त्या बातमीने शारदा सदनाची जी हानी केली ती विसरू नये. आजाऱ्याला औषध दिले, अनाथाला शाळेत घातले, तर ते तेवढेच सांगावे. त्याच्या अंतःकरणात देव काय करितो त्याचा जमाखर्च अहवालात मांडू नये. जे कोवळे रोप रोज उपटून पाहिले जाते ते धरत नाही.

दुसरी ही की, टीका आली म्हणजे प्रथम ती खरी आहे काय हे पाहावे. रानडे व भांडारकर ह्यांसारखे सज्जन बाजूस झाले, त्यांस शिव्या देऊन काम वाढले नाही. पालकांचा प्रश्न हा पालकांचा हक्क आहे. नियम काय, हिशेब काय, मुलांस काय शिकविले जाते, हे विचारणाऱ्यास दाखविण्यास आपली वही सदैव तयार असावी. जी वही दाखविता येत नाही तिच्यासाठी वर्गणी मागू नये.

तिसरी ही की, टीकेच्या भीतीने गरजवंताला दार लावू नये. प्रेषित पौलाचे जहाज फुटले तेव्हा त्यावर दोनशे शहात्तर माणसे होती. त्यांत कैदी होते, शिपाई होते, खलाशी होते. माल्टा बेटावर, ज्याला आमच्या शास्त्रात मिलिता म्हटले आहे, तेथील लोकांनी पाऊस व थंडी पाहून सर्वांसाठी शेकोटी पेटविली. त्यांनी कोणाची जात विचारली नाही की गुन्हा विचारला नाही. पौलाच्या हाताला साप लागला तेव्हा तेच लोक त्याला खुनी समजले, आणि घटकाभराने त्याला देव समजू लागले. लोकमत असे फिरते. शेकोटी मात्र लोकमत फिरण्यापूर्वीच पेटली होती, आणि त्या रात्री माणसे जगली ती तिच्या उबेवर.

चौथी गोष्ट देणाऱ्यांस. बोस्टनच्या लोकांनी दहा वर्षांचा शब्द दिला. त्यांत वादळाची वर्षेही आली. आपण कापसाच्या विक्रीनंतर काही देण्याचा संकल्प करितो, आणि मग बाजारात कोणी एक वाईट गोष्ट सांगितली की पिशवी आवळून धरितो. असे न करावे. ऐकलेल्या गोष्टीची चौकशी करावी, जाऊन पाहावे, वही मागावी. खोट दिसली तर तोंडावर सांगावे व देणे थांबवावे. खोट न दिसली तर जे ठरविले ते देत राहावे. शक्य झाल्यास त्या वर्षी थोडे अधिकच द्यावे. कारण निंदेच्या वर्षी खर्च कमी होत नाही. ज्या दिवशी मुक्तीत दोन हजार पाने मांडली जात, त्या दिवशी पुण्याच्या पत्रांत काय छापून आले हे त्या मुलींच्या भुकेला ठाऊक नव्हते.

आपल्या गावातही अशी लहानमोठी कामे आहेत: निराधार म्हातारीचे जेवण, वसतिगृहातील पोर, दवाखान्याची मदतपेटी. त्यांच्याविषयी बरेवाईट बोलले जाईल, कधी आपल्याच तोंडून बोलले जाईल. बोलण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन यावे, आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.